बिनभाड्याचा बिऱ्हाडकरू

एकत्र कुटुंबात माणसे किती, असे कोणी विचारले म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी बोटांवर मोजून सांगतात. इतके भाऊ, इतक्या जावा, इतकी लेकरे, आणि शिवाय बारा महिने राहणारी एखादी आत्या. या मोजदादीत एक बिऱ्हाड मात्र नेहमी राहून जाते. ते भाडे देत नाही. जेवायला दोन्ही वेळा असते. दिवसा माळ्यावर निजते आणि सर्व घर निजले म्हणजे उठते. त्याची माणसे किती, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

संस्कृतात त्याला मूषक म्हणतात. 'मुष्' म्हणजे चोरणे. चोरतो तो मूषक. चाळीस वर्षे मुलांना संस्कृत शिकविताना ही व्युत्पत्ती मी सांगत आलो आणि दर वर्षी वर्गातले एखादे पोर हटकून विचारी, "गुरुजी, चोर तर खरा, पण तो नेतो काय?" नेतो ते आपल्याला दिसते. ज्वारीचे पोते कुरतडलेले असते, देवघरातील वात नाहीशी झालेली असते, लग्नातल्या शालूला भोक पडलेले असते. त्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. परंतु हा चोर जाताना काही ठेवूनही जातो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. आज लिहावयाचे आहे ते या न दिसणाऱ्या ठेव्याविषयी.

प्रथम त्याचे कुळ पाहू. आपल्या घरात, माळ्यावर, छपरात वावरणारा सडपातळ, लांब शेपटीचा उंदीर हा याच भूमीचा मूळ रहिवासी होय. भारतीय उपखंडातून तो व्यापाऱ्यांच्या धान्याबरोबर पश्चिमेकडे गेला, रोमन साम्राज्याच्या काळी युरोपात पोहोचला आणि तेथून गलबतांत बसून पृथ्वीच्या पाठीवरील बहुतेक बंदरांत उतरला. ज्या बेटांनी पूर्वी उंदीर पाहिलाच नव्हता, तेथील पक्ष्यांची अंडी त्याने फस्त केली. म्हणजे आपण जगाला शून्य दिले, बुद्धिबळ दिले, तसा हाही एक प्राणी दिला. मात्र याचा अभिमान कोणी मिरवीत नाही.

जगानेही आपले ऋण ठेवले नाही. मंगोलिया आणि उत्तर चीन हे ज्याचे मूळ घर, तो अंगाने दांडगा, आखूड शेपटीचा तपकिरी उंदीर अशाच गलबतांतून आपल्या बंदरांत आला. शास्त्रज्ञ त्याला 'नॉर्वेचा उंदीर' म्हणतात. पण त्याचा नॉर्वेशी काही संबंध नाही, १७६९ साली एका इंग्रज पंडिताने चुकून ठेवलेले ते नाव आहे. हा पाहुणा माळ्यावर चढत नाही. गटार, मोरी, गुदामाची जमीन, नाल्याचा काठ ही त्याची वतने. आपले लोक त्याला पाहून सरसकट 'घूस' म्हणतात. पण आपली देशी घूस निराळी. एक देशी छपरात आणि एक परदेशी गटारात, अशी ही दोन बिऱ्हाडे शेजारी-शेजारी वसली. पुढे जो अनर्थ झाला तो या शेजारातून झाला.

१८९४ साली हाँगकाँगला प्लेगची साथ चालू असता यर्सिन नावाच्या फ्रेंच संशोधकाने त्या रोगाचा जंतू शोधून काढला. दोन वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठीच्या तापाचे रोगी आढळले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची पेठ आणि बंदराला लागून असलेली वस्ती. रोगाने आपली जागा अगदी बरोबर निवडली होती. वृत्तपत्रांनी त्याला 'ग्रंथिक सन्निपात' असे भारदस्त नाव दिले. लोकांची भाषा अधिक नेमकी होती. लोक म्हणत, 'गावात उंदीर पडला.' एवढे तीन शब्द ऐकले की चूल विझवून, भांडी-कुंडी बांधून गाव माळावर झोपड्यांत राहावयास जाई. माझी आजी आपल्या धाकट्या भावाचा जन्म 'झोपडीतला' असे सांगे. तिथी तिला आठवत नसे.

उंदीर आधी मरतो आणि माणूस मागाहून, हे लोकांना असे पक्के ठाऊक होते. का, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. १८९८ च्या जून महिन्यात कराचीस पॉल-लुई सिमॉ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले की, मेलेल्या उंदराकडून जिवंत उंदराकडे रोग नेणारी असते ती पिसू. त्याचे म्हणणे पुष्कळ दिवस कोणी मनावर घेतले नाही. पुढे १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, जिला १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणतात, प्लेग संशोधन मंडळाने हजारो उंदीर तपासले आणि जी संगती लावली ती प्रत्येक गृहस्थाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मुंबईत रोग आधी गटारातल्या तपकिरी उंदरांत पसरे. सुमारे १० दिवसांनी तो घरातल्या काळ्या उंदरांत येई. त्यानंतर आणखी १०-१५ दिवसांनी माणसे आजारी पडत. गटार, मग घर, मग माणूस, असा हा क्रम होता.

याचे कारण असे. पिसू ही उंदराच्या उबेवर आणि रक्तावर जगते. रोगी उंदराचे रक्त प्याल्यावर जंतूंची तिच्या अन्ननलिकेत गुठळी होते व वाट बुजते. मग ती कितीही प्याली तरी रक्त पोटात उतरत नाही. भुकेने वेडी होऊन ती पुनःपुन्हा चावते आणि प्रत्येक दंशाबरोबर गुठळीतले जंतू जखमेत ओकते. उंदीर मेला आणि त्याचे अंग थंड पडले की ती तेथून उडी घेते आणि दुसरे ऊबदार अंग शोधते. म्हणून पडलेला उंदीर हा संकटाचा शेवट नसून प्रारंभ होय. आणि म्हणूनच साथीच्या वेळी आधी पिसवा मारावयाच्या असतात आणि मग उंदीर. हा क्रम उलटा केला तर आपणच पिसवांना बेघर करून आपल्या अंगावर बोलावून घेतो.

या रोगाने पुढील पंचवीस-तीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. १८९७ साली पुण्यात रँडसाहेबाने गोरे शिपाई घराघरात, स्वयंपाकघरात, देवघरात घुसवून तपासण्या केल्या. लोक इतके धास्तावले की घरात रोगी असला तर तो लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी १० मार्च रोजी त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले वारल्या, हे मात्र आपल्या घरांतून तितके सांगितले जात नाही. मुंढव्याच्या वस्तीतील प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपला मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात आणले आणि त्यातच त्यांना रोग जडला. एकीकडे धाकाने रोग हुडकणारे अधिकारी आणि दुसरीकडे स्वतःच्या पाठीवर रोगी घेणारी बाई. लोकांनी रोगी कोणापासून लपविला असेल आणि कोणाच्या स्वाधीन केला असेल, हे निराळे सांगणे नको.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, आपल्या पूर्वजांना हे ठाऊक नव्हते काय? काही अंशी होते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात 'मूषिककल्प' नावाचा एक संबंध अध्याय आहे. त्यात उंदरांच्या १८ जाती सांगितल्या आहेत. उंदराचे विष त्याच्या केवळ दातात नसून त्याच्या शरीरातून गळणाऱ्या स्रावातही असते, आणि त्या स्रावाचा अंगाला स्पर्श झाला असता गाठी, सूज, मंडले व ज्वर उत्पन्न होतात, असे तेथे सांगितले आहे. यावरून सुश्रुताला जंतू ठाऊक होते असे म्हणणे हा पोरकटपणा होईल. त्याच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. डोळे होते आणि त्यांचा त्याने उपयोग केला, हे पुरेसे मोठे आहे. कौटिल्याने तर उंदरांना अग्नी, महापूर, रोगराई, दुष्काळ यांच्या पंक्तीला बसविले आहे. उंदीर माजले असता मांजरे आणि मुंगुसे सोडावीत, त्यांना पकडणाऱ्यास किंवा मारणाऱ्यास १२ पण दंड करावा, आणि प्रसंगी प्रजेवर 'मूषिककर' बसवावा, असे त्याने लिहिले आहे. म्हणजे उंदीर ही एकेका घराची खाजगी कटकट नसून राज्याचे संकट आहे, एवढे त्याला उमगले होते.

मुंगुसाचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो. पंचतंत्रातील ब्राह्मणी आणि तिने उतावीळपणे मारलेले इमानी मुंगूस ही कथा आपल्या घरातील लेकराबाळांना पाठ असते. १८७२ साली जमैका बेटावरील एका ऊसमळेवाल्याने उंदीर मारण्यासाठी कलकत्त्याहून ९ मुंगुसे नेली. तेथून ती इतर बेटांवर पसरली. उतावीळपणा येथेही झालाच, फक्त उलट दिशेने. उंदीर हिंडतो रात्री आणि मुंगूस दिवसा. दोघांची गाठ पुरेशी पडली नाही. मुंगुसांनी तेथील पक्षी, सरडे, कोंबड्या यांचा फडशा पाडला, आणि आज त्या समुद्रातील पोर्टो रिको, ग्रेनेडा अशा बेटांवर पिसाळरोगाचा मुख्य वाहक हेच आपले मुंगूस होऊन बसले आहे. स्वस्थानी जो प्राणी शत्रूंच्या आणि मित्रांच्या वेढ्यात मर्यादेने राहतो, तोच परस्थानी गेला की त्याला धरबंध राहत नाही. प्राण्याचा यात दोष नाही; त्याला गलबतात घालणारे हात माणसाचे असतात.

प्लेग ही आजोबांच्या काळची गोष्ट, असे आपण मराठवाड्यातील लोक १९९४ पर्यंत मानीत होतो. देशात १९६६ नंतर त्याची नोंद नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. घरे सोडून लोक उघड्यावर राहू लागले. पडक्या आणि ओसाड घरांत धान्य तसेच राहिले. पुढच्या वर्षी उंदरांची संख्या वाढली त्याचा संबंध अभ्यासकांनी याच्याशी जोडला. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या खेड्यातून पिसवांचा उपद्रव झाल्याची व उंदीर मरून पडत असल्याची वार्ता आली आणि मागोमाग गाठीच्या तापाचे संशयित रोगी आढळले. मामला आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून, ज्याला त्या वेळी सर्वजण औरंगाबाद म्हणत, फार दूर नाही. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची हाकाटी झाली, लाखो माणसे आगगाड्यांना लोंबकळत शहर सोडून गेली, आणि पळणाऱ्यांत कित्येक खाजगी डॉक्टरही होते. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. भीती मात्र साऱ्या जगाला पुरली. मी तेव्हा शिकवीत होतो. मुले तोंडाला रुमाल बांधून वर्गात बसत आणि बीडकडून आलेल्या एका मुलाच्या बाकावर कोणी बसेना. शेवटी मीच तास संपेपर्यंत त्याच्या शेजारी जाऊन बसलो. प्लेगवर टेट्रासायक्लिनसारखी साधी औषधे वेळेवर मिळाली तर माणूस वाचतो, हे त्या मुलांना त्या दिवशी व्याकरणापेक्षा अधिक उपयोगाचे होते.

प्लेग गेला म्हणून बिऱ्हाडकरू गेला असे नाही. हल्ली तो दुसरे दोन रोग आणतो. पहिला लेप्टोस्पायरोसिस. याचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात सुखाने राहतात. त्याला काही होत नाही. मूत्रावाटे ते पाण्यात, चिखलात उतरतात आणि ओलाव्यात कित्येक दिवस जगतात. अनवाणी पायाला लहानशी चीर असली तरी त्यांना तेवढे दार पुरते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी ओसरल्यावर या तापाने पुष्कळांचे बळी घेतले. थंडी वाजून ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, पुढे कावीळ, ही त्याची लक्षणे. दुसरा स्क्रब टायफस. उंदरांच्या अंगावर आणि झुडपांत राहणाऱ्या बारीक किडीच्या पिलांपासून तो होतो. चावल्या जागी काळी खपली धरते. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली होती. दोन्ही रोग लवकर ओळखले तर साध्या औषधांनी बरे होतात आणि 'साधा ताप' म्हणून अंगावर काढले तर घातक ठरतात. म्हणून पावसाळ्यात ताप आला असता डॉक्टरांना एवढे तरी आपण होऊन सांगावे की, पाय साचलेल्या पाण्यात पडले होते, किंवा घरात उंदीर फार आहेत, किंवा शेतात गवत कापले होते. विचारल्याखेरीज सांगू नये हा नियम सासुरवाशिणीसाठी असेल, रोग्यासाठी नाही.

घरात काय करावे, हे माताभगिनींना मी सांगणे म्हणजे सूर्याला काजवा दाखविणे होय. तथापि चार गोष्टी नोंदवून ठेवतो. धान्य पोत्यात न ठेवता पत्र्याच्या झाकणबंद कोठीत ठेवावे. मोरीच्या तोंडाला जाळी असावी. अंगठा जाईल एवढे भोकही सिमेंटात काचेचे तुकडे घालून बुजवावे, कारण उंदराचे पिलू तेवढ्यातून सहज येते. रात्री उष्टी भांडी व खरकटे उघडे राहू देऊ नये. जेथे लहान मुले आहेत तेथे विषाच्या गोळ्यांपेक्षा पिंजरा बरा. मेलेला उंदीर हाताने उचलू नये व त्याची जागा कोरड्या केरसुणीने झाडू नये. फिनेल किंवा ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून, हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून तो उचलावा व खोल पुरावा. आणि एकाएकी दोन-चार उंदीर कारण नसता मरून पडले तर ते गुपचूप फेकून न देता महापालिकेला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे. धामण आणि गव्हाणी घुबड दिसताच काठी उचलू नये. घुबडाला अपशकुनी म्हणणाऱ्या घराने ते एका रात्रीत किती उंदीर नेते याचा हिशेब करून पाहावा.

एक शंका हटकून निघते, ती येथेच निवारतो. उंदीर हे गणपतीचे वाहन. त्याला मारावे कसे? गणेशपुराणात कथा आहे की, क्रौंच नावाचा गंधर्व शापाने उंदीर झाला आणि त्याने पराशरांच्या आश्रमातील धान्य व वस्त्रे यांची नासाडी केली. तेव्हा गजाननाने त्याला पाश टाकून धरले आणि वाहन केले. देवाने त्याला मोकळा सोडला नाही. त्याच्यावर स्वार झाला. आपल्या घरी आज स्वार कोण आणि वाहन कोण, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता शेवटचे, आणि मला वाटते मुख्य. आपल्या घरांतून स्वच्छतेचा आग्रह पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. स्नान, सोवळे, धुतलेला ओटा, पुसलेली फरशी. परंतु हा आग्रह उंबरठ्यापाशी थांबतो. केर बोळात गेला की आपले कर्तव्य संपले, आणि बोळातला उचलून दूर गेला की शहराचे संपले. २०१८ साली नारेगावच्या ग्रामस्थांनी आमच्या शहराचा कचरा घ्यावयास नकार दिला, तेव्हा तो कित्येक आठवडे रस्त्यांवर साचून राहिला. ज्या दुर्गंधीने आम्ही काही आठवड्यांत त्रासलो, ती त्या खेड्यांनी वर्षानुवर्षे सोसली होती. कचऱ्याचा ढीग म्हणजे उंदरांचे अन्नछत्र. बावन्न दरवाजांचे शहर म्हणून आम्ही मिरवतो; पण उंदराला कोणताच दरवाजा लागत नाही. जे आपण भिंतीबाहेर टाकतो, ते चार पायांवर बसून मोरीवाटे परत येते. परळच्या संशोधकांनी लावलेला क्रम हेच सांगतो की आधी गटार, मग घर.

आणि घरात उंदीर मेला तर उचलतो कोण? पुष्कळ घरांतून उत्तर एकच येते: "बाई येईल, तिला सांगू." मोरी तुंबली तर हातमोज्याशिवाय, अनवाणी पायांनी त्या घाणीत उतरणारा माणूस कोणी वेगळाच असतो. रोगाचा पहिला घाव त्याच्यावर पडतो, आणि आपल्याला मात्र पुसलेली फरशी मिळते. याला शुचिता म्हणावे असे कोणत्या धर्मशास्त्रात लिहिले आहे ते मला ठाऊक नाही. निदान एवढे करावे की, त्या माणसाला गमबूट आणि हातमोजे आपण आणून द्यावेत, त्याला ताप आला तर दवाखान्याचा खर्च आपला समजावा, आणि घरात पडलेला उंदीर घरच्या कर्त्या पुरुषाने, वर सांगितलेल्या रीतीने, स्वतःच्या हाताने उचलावा. मुले ते पाहतील. पाहून शिकलेला धडा फळ्यावरच्या धड्यापेक्षा अधिक टिकतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.